मुक्या प्लेटलेट्स

वस्ताद आप्पासो चौगुल्यांनी आयुष्यात मनगटाला हात घातला तो समोरच्याच्या, आणि तोही पिरगाळायला. स्वतःच्या मनगटाकडे असं खुळ्यासारखं टक लावून बसायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. आता दुसरं कामच उरलं नव्हतं. हॉस्पिटलनं त्यांच्या हाताला एक रबरी पट्टी बांधली होती. पट्टीवर एक काटा होता. काटा डावीकडे सरकला की लाल रंग, म्हणजे रक्तस्रावाचा धोका. उजवीकडे सरकला की निळा, म्हणजे गुठळीचा. मधे बोटभर हिरवी जागा. काटा हिरव्यात आला की वस्ताद बाकावर बसायचे, हलला की उठायचे, आणि काटा कुठला शहाणा, तो हलतच असायचा.

"काका, तुम्ही उठून उभे राहिलात म्हणून काही तो जागेवर येत नाही," नर्स म्हणाली.

"मला कळतंय की," वस्ताद म्हणाले, आणि परत उठले.

आत खोलीत त्यांची एकुलती एक लेक होती, आणि काट्यावर हलत होतं ते तिचं रक्त. नाव राजनंदिनी, पण मान जाड, खांदे रुंद आणि चाल संथ, म्हणून सगळी तालीम तिला नंदी म्हणायची आणि तिलाही त्याचं कौतुक होतं. वय बावीस. राज्यातल्या पोरींची हिच्याशी जोड लागली की त्या निम्म्या घरीच हरायच्या. महिनाभर तिच्या अंगावर काळेनिळे डाग उठत होते. पैलवानाच्या अंगावर डाग उठायचे नाहीत तर कुणाच्या उठायचे? कुणी ढुंकून बघितलं नाही. दात घासताना हिरडीतून रक्त यायला लागलं, तेव्हा तिनं ब्रश बदलला. मग सांगलीच्या मैदानात साध्या धडकेनं घोळणा फुटला आणि रक्त थांबेचना. एक टॉवेल भिजला, दुसरा भिजला, पंचांनी कुस्ती सोडवली. नंदी दुसऱ्या टॉवेलाआडून पंचांशी भांडत होती, "मी लढतो की! काय झालंय मला?"

काय झालं होतं ते डॉक्टर समीना शिकलगारांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. बाई बुटक्या, आवाज कणखर, आणि सांगताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय.

"रक्ताचा कर्करोग आहे. पण याची जात वेगळी आहे, वस्ताद. हाडांच्या आत रक्ताच्या पेशी तयार होतात. नंदिनीच्या अंगात त्यातल्या काही पेशी कच्च्याच राहतात आणि तशाच बाहेर पडतात. त्यांच्या पोटात जहाल कण असतात. पेशी फुटली की ते कण रक्तात सांडतात आणि रक्ताचा समज होतो की अंगभर जखमा झाल्यात. मग ते जागोजागी गोठायला लागतं. बारीक बारीक गुठळ्या. त्यातच गोठवायचा सगळा ऐवज संपतो. आणि खरोखर कुठे रक्त यायला लागलं की ते थांबवायला हाताशी काहीच नसतं."

वस्ताद म्हणाले, "म्हंजे विहिरीचं सगळं पाणी उसाला सोडलं, आन् घर पेटल्यावर विहिरीत नुसता पोहरा आपटतोय."

"अगदी तसं. म्हणून हिला गुठळीचाही धोका आणि रक्तस्रावाचाही. दोन्ही एकाच वेळी."

"औषध?"

"आहे. दोन आहेत. एक अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं, ते कच्च्या पेशी पिकवतं. दुसरं सोमल."

"सोमल? उंदराला घालत्यात ते?"

"तेच, पण मापात. आणि हे नीट ऐका. या जातीचे शंभरातले नव्वदाहून जास्त पेशंट पूर्ण बरे होतात. जे जातात ते बहुतेक पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जातात, आणि पेशींमुळे नाही, रक्तस्रावामुळे. डोक्यातल्या. एवढे दिवस आपण तिला सांभाळली की पोरगी तुमची."

वस्तादांची बायको सुवर्णा इतका वेळ पदराचा बोळा तोंडाशी धरून बसली होती. ती म्हणाली, "आन् न्हाई सांभाळली तर?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याही डोळ्यांत बघितलं आणि संमतीचा कागद पुढं सरकवला.

सांभाळायला 'तोल' होता. हे यंत्र येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. पूर्वी अशा पेशंटचं रक्त दिवसातून दोन-तीनदा काढून तपासायला पाठवायचे, आणि अहवाल हातात येईपर्यंत रक्ताचा विचार बदललेला असायचा. तोल बदामाएवढा. कंठाच्या हाडाखाली कातडीच्या आत बसवायचा, आणि त्याचा केसासारखा धागा शिरेत सोडायचा. रक्त गोठायला किती उतावीळ आहे, प्लेटलेट्स किती आहेत, आणि त्यातल्या एकमेकींना धरून राहणाऱ्या किती, हे तो क्षणाक्षणाला मोजायचा. त्याच्या पोटात दोन कप्पे. एकात रक्त पातळ ठेवणारं औषध, दुसऱ्यात गोठवणारं. ज्या बाजूचं पारडं जड होईल त्याच्या उलटा थेंब सोडायचा, आणि रक्ताची खबर नातेवाइकाच्या मनगटावरच्या पट्टीला कळवायचा.

त्याला आणखी एक विद्या येत होती. रक्तपेढीत प्रत्येक दात्याच्या प्लेटलेट्सना एक न दिसणारी खूण लावत. त्यामुळे कुणाच्या प्लेटलेट्स पेशंटच्या अंगात जाऊन कामाला लागल्या आणि कुणाच्या नुसत्या हिंडून आल्या, हे तोलला वेगवेगळं कळायचं. या हिशेबाला 'टिकाव' म्हणत. काही पेशंटांचं शरीर ठरावीक दात्यांच्या प्लेटलेट्स झिडकारतं, ते ओळखायला ही सोय केलेली. ज्यांनी ती केली त्यांना आपल्या माणसांची ओळख नसावी. नातेवाइकांच्या मनगटावर आकडे दिसायला लागले आणि कुणाचं रक्त किती पाण्याचं याच्या पैजा लागायला लागल्या. मामाचा टिकाव ऐंशी आणि काकाचा पस्तीस यावरून बोलणंचालणं बंद झालेली घरं होती. पुण्याकडं तर म्हणे लग्न जुळवताना पत्रिकेच्या आधी टिकाव विचारत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीतली सगळी पोरं टेम्पोत बसून प्लेटलेट्स द्यायला रक्तपेढीच्या दारात हजर झाली. मोडलेले कान, फुगलेले दंड, केसांना तेल. रक्तपेढीतली मुलगी एकेकाला समोर बसवून विचारत होती. ताप आला होता का? दात काढला का? ठणक्यावरची एखादी गोळी, गेल्या दहा दिवसांत? आणि टेबलाशेजारी हाताची घडी घालून वस्ताद उभे, मैदानात वजनकाट्यापाशी उभे राहतात तसे. लेकीसाठी चाललेल्या कामात हयगय नको म्हणून जातीनं उभे. प्रत्येक पोरानं आधी वस्तादांकडे बघितलं आणि मग मुलीला सांगितलं, "न्हाई."

पहिला मान सोहम मगदूमचा. तो तालमीचा हुकमी एक्का. येत्या हंगामात महाराष्ट्राची गदा तालमीत आली तर त्याच्याच खांद्यावरून येणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती. शिवाय नंदीचं आणि त्याचं जमलेलं. दोन्ही घरांनी होकार भरला होता, हंगाम संपला की सुपारी फुटायची होती. सोहमची पिशवी नंदीला चढली, तेव्हा वस्तादांनी कॉरिडॉरमधल्या चार अनोळखी माणसांना बोलावून पट्टी दाखवली.

"बगा आता. वाघाचं रक्त हाय."

टिकाव चार आला. चाळीस नव्हे, चार.

वस्तादांनी पट्टी शर्टाला पुसली. आकडा तोच. त्यानंतर तालमीसमोरच्या सलूनवाल्या बंटीची पिशवी लागली. हा गडी आयुष्यात एक बैठक मारलेला नव्हता, वारं जोरात आलं की खांबाला धरून उभा राहायचा. त्याचा टिकाव एक्याण्णव. तालमीच्या ग्रुपवर दुपारपर्यंत चेष्टेला ऊत आला. कुणीतरी लिहिलं, 'ज्याचं रक्त चिकटंना, तो जावई कसला चिकटतोय!' ते वस्तादांनी वाचलं.

त्यांनी सोहमला हॉस्पिटलच्या गाडीतळावर गाठलं.

"काय घेतोस?"

"काय न्हाई, वस्ताद."

"पितोस?"

"आईशप्पथ न्हाई."

"सुया टोचून घेतोस? ताकदीच्या? खरं बोल, यंत्र खोटं बोलत न्हाई."

सोहम खाली बघत राहिला. त्याच्या गप्प राहण्यानं वस्तादांचा पारा चढला. गेले दोन दिवस लाल-निळ्यात हेलकावे खाणाऱ्या त्या काट्याचा सगळा राग त्यांच्या उजव्या हातात उतरला आणि सोहमच्या कानाखाली वाजला. दोन रिक्षावाले वळून बघायला लागले.

"माझी पोर हितं मरणाच्या दारात, आन् तिला पाणी घातलेलं रक्त देतोस? तालमीची पायरी चढायची न्हाई. आन् सुपारीचं तर इसरच."

सोहमनं एका हातानं हेल्मेट डोक्यात घातलं, कशीबशी गाडी वळवली आणि गेला. वस्ताद घाईघाईनं वर आले, कारण तेवढ्यात काटा लाल झाला होता.

"आप्पा, सोहम आला न्हाई?" नंदीनं विचारलं. तिच्या ओठांच्या कडेला वाळलेल्या रक्ताची रेघ होती.

"सराव हाय त्याला."

"खोटं. मला ग्रुपवरचं सगळं कळलंय."

"मग कशाला इचारतीस?"

नंदीनं भिंतीकडे तोंड केलं. सुवर्णानं नवऱ्याकडे असं बघितलं की ते परत कॉरिडॉरमध्ये जाऊन येरझाऱ्या घालायला लागले.

पुढचा आठवडा त्यांना बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. तालमीतल्या पोरांच्या पिशव्या लागत होत्या आणि आकडे येत होते. बारा. सात. एकदा तीस आले तर वस्तादांना पेढे वाटावेसे वाटले. चमत्कार असा की रक्त तपासलं की प्लेटलेट्स भरपूर दिसायच्या, पण काटा लाल सोडायचा नाही. तोल आपल्याकडचं गोठवायचं औषध सोडायचा, मग काटा एकदम निळ्यात उडी मारायचा, मग तोल पातळ करायचं सोडायचा. नंदीच्या पायावर टाचणीच्या टोकासारखे लाल ठिपके उठत होते, आणि नर्स तासातासाला येऊन विचारायची, "काही त्रास? डोकं? पोट?" नंदी हसून म्हणायची, "काय न्हाई." बंटीनं सलूनमधल्या गिऱ्हाइकांना गाठून आणलं नसतं, तर काय झालं असतं याचा विचारसुद्धा नको.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी वस्तादांना खोलीत बोलावलं.

"तुमच्या पोरांच्या प्लेटलेट्स मुक्या आहेत."

"मुक्या म्हंजे?"

"जखम झाली की पहिली प्लेटलेट तिथे चिकटते आणि बाकीच्यांना हाक मारते. सगळ्या गोळा होतात आणि भोक बुजतं. काही वेदनाशामक गोळ्या ती हाकच बंद करतात. प्लेटलेट असते, मोजली जाते, पण बोलत नाही. एखाददुसरी गोळी धडधाकट माणसाला बाधत नाही. नंदिनीला मात्र अशा प्लेटलेट्सचा शून्य उपयोग. परिणाम जायला आठवडाभर जातो, कारण नव्या प्लेटलेट्स याव्या लागतात. तुमची पोरं गोळ्या खातात, वस्ताद. रोज खात असणार."

"शक्य न्हाई. प्रत्येकाला इचारलंय रक्तपेढीत. समद्यांनी न्हाई म्हणून सांगितलं."

"तुम्ही कुठे होता तेव्हा?"

"मी? तितंच. शेजारी उभा हुतो. माझीच पोरं न्हवं का."

वस्ताद खुर्चीतून उठले, दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. त्यांच्या तालमीचा एक नियम होता. त्यांच्या वस्तादांनी घातलेला, त्यांनी जिवापाड पाळलेला. तालमीत जो 'दुखतंय' म्हणेल त्यानं सगळा हौदा एकट्यानं उकरायचा. मातीचा तो हौदा दहा जणांनी मिळून उकरला तरी घाम काढतो. आजवर तो एकट्यानं उकरायची वेळ फक्त तिघांवर आली होती, आणि तिघंही पुन्हा तालमीकडे फिरकले नव्हते. वस्ताद हे मोठ्या अभिमानानं सांगायचे. माझ्या तालमीत कुणाचं काही दुखत नाही, म्हणायचे.

संध्याकाळी ते तालमीत गेले. पोरं जोर मारत होती, ती थांबली. नंदीचं काही वाईट कळतंय की काय म्हणून सगळ्यांचे चेहरे उतरले.

"कोण कोण गोळ्या खातंय?"

कुणी हललं नाही. हौद्याच्या कडेला पोरं मेंढरांसारखी एकमेकांना चिकटून उभी राहिली.

"कोण न्हाई?" वस्तादांनी परत विचारलं. "बरं."

त्यांनी कोपऱ्यातलं फावडं उचललं, चपला काढल्या आणि हौद्यात उतरले. "माझा गुडगा दुखतोय," ते म्हणाले. "डावा. बारा वर्सं. कोल्हापुरात कुणी बघंल म्हणून निपाणीच्या दुकानातनं गोळ्या आणतोय. कपाटात धोतराच्या घडीत ठेवतोय." आणि त्यांनी उकरायला सुरुवात केली.

चार-पाच फावडी झाली. तालमीत नुसता मातीचा आवाज. मग एक पोरगं हौद्यात उतरलं. "माझी कंबर, वस्ताद." मागून दुसरं. "मान. रात्री कुशीवर वळता येत न्हाई." तिसऱ्याला काय दुखतंय तेही सांगवेना, त्यानं नुसतं ढोपर वर करून दाखवलं, ते वांग्याएवढं सुजलं होतं. बघता बघता हौद्यात पाय ठेवायला जागा राहिली नाही. फावडी तीनच होती, बाकीची पोरं हातांनी माती उपसत होती. आपण इतकी वर्षं यांची तालीम घेतली, की यांना छळलं? हा प्रश्न त्यांना भर हौद्यात, फावडं हातात असताना पडला आणि त्यांना तो झेपला नाही.

"वस्ताद," कंबरवाला पोरगा म्हणाला, "सोहमदादाचा खांदा दिवाळीपासनं निखळतोय. त्याचा तोच बसवतोय परत. तुमी त्यालाच..." पुढचं त्यानं गिळलं.

वस्तादांनी तिथूनच, मातीच्या हातानं फोन लावला.

"सोहम, गोळी खातोस?"

"खात हुतो. आता न्हाई. त्या दिवशी आकडा बघितला, तवाच कळलं मला. त्या दिवसापासनं बंद केलीय."

"आन् खांदा?"

"काय न्हाई."

"मला सांगायचं न्हाईस व्हय रं?"

"तुमच्याफुडं काय सांगायचं, वस्ताद?" सोहम म्हणाला. त्यात राग नव्हता. "परत द्यायला यायचं ठरवलं हुतं. आता आठ-नऊ दिस झालं. तुमी दारातनं आत घेत असला तर येतो."

"लगोलग ये," वस्ताद म्हणाले. त्यांना आणखी बरंच म्हणायचं होतं.

सोहम हॉस्पिटलमध्ये त्यांच्या आधी पोचला. रक्तपेढीतल्या मुलीनं त्याला विचारलं तेव्हा वस्ताद मुद्दाम जिन्यात जाऊन थांबले. त्याची सुई लावून झाली तसे ते वर नंदीकडे गेले. जाताना त्यांनी पट्टीकडे बघितलं. काटा हिरव्यात, अगदी मधोमध, आणि दुपारपासून हललेला नव्हता.

खोलीत पडदे ओढलेले होते. सुवर्णा उशाशी बसली होती.

"झोपली न्हाई," ती हळूच म्हणाली. "पर डोळं मिटूनच हाय सकाळपासनं. इचारलं की काय न्हाई म्हणती."

वस्तादांनी लेकीचा चेहरा बघितला. दात घट्ट मिटलेले, नाकपुड्या फुगलेल्या. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. समोरचीनं मानेवर पकड घातली, श्वास कोंडला, तरी पोर हात आपटून सोड म्हणायची नाही, तेव्हा ती अशी दिसायची. त्या चेहऱ्याचं त्यांनी कितीदा कौतुक केलं होतं.

"नंदे, दुखतंय का काय?"

"न्हाई, आप्पा."

पट्टीवरचा काटा हिरवागार. यंत्र सांगत होतं सगळं ठीक आहे, पोर सांगत होती सगळं ठीक आहे. वस्तादांनी मात्र पट्टीवर बाही ओढली.

"आज मी हौदा उकरला," ते म्हणाले.

नंदीनं एक डोळा किलकिला केला. "एकट्यानं? का?"

"नियम हाय. गुडगा दुखतोय माझा. बारा वर्सं झाली."

"तुमचा?" तिनं आईकडे बघितलं. "आई, तुला म्हाईत हुतं?"

"धोतराच्या घड्या कोण घालतंय घरात?" सुवर्णा म्हणाली.

नंदीला हसू आलं, आणि हसता हसता तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "आप्पा," ती म्हणाली, "सकाळपासनं डोकं फुटालंय माझं. उजेड बघवंना. आन् ह्या हाताला मुंग्या येत्यात."

गुडघ्याचं काय झालं कुणास ठाऊक, वस्ताद कॉरिडॉरभर पळत सुटले. "मॅडम! ओ मॅडम! पोरीचं डोकं दुखतंय! डोकं दुखतंय म्हणती!"

मग सगळं एकदम झालं. डोक्याचा स्कॅन, धावपळ, डॉक्टरीणबाईंचा आवाज. मेंदूच्या उजव्या बाजूला बारीक रक्तस्राव, बोराच्या बीएवढा, नुकताच सुरू झालेला. सकाळी तोलला गुठळीची चाहूल लागली होती, म्हणून त्यानं नियमाप्रमाणे पातळ करायचं औषध सोडलं होतं, आणि शिरेतलं रक्त त्याच्या हिशेबानं आता झकास होतं. डोक्यातल्या केसाएवढ्या वाहिनीतून थेंब झिरपतोय, हे त्याच्या धाग्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ते फक्त नंदीला माहीत होतं. डॉक्टरीणबाईंनी तोल बंद केला.

"बंद?" वस्ताद म्हणाले. "मग आता?"

"आता मी बसते इथे," त्या म्हणाल्या. "धाग्याचं मोजमाप चालू राहील, औषध मी ठरवीन. प्लेटलेट्स आणा. कुणाच्या आहेत?"

सोहमची पिशवी खालून आली होती. ती लागली. सोहम दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होता, आत यायचं धाडस नाही, जायचं मन नाही. वस्ताद त्याच्याजवळ गेले आणि दोघं त्या एका मनगटावर वाकून उभे राहिले. बराच वेळ आकडाच येईना. मग आला. एकसष्ट.

"एक्याण्णव न्हाईत," सोहम म्हणाला.

"गप रं," वस्ताद म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. सोहमसमोर, वॉर्डबॉयसमोर, ते हमसून हमसून रडले.

रक्तस्राव पसरला नाही. दोन दिवसांनी स्कॅन पुन्हा काढला तेव्हा डाग तेवढाच होता, आणि कच्च्या पेशी पिकायला लागल्याची पहिली खूण रक्तात दिसली. "धोका गेला असं मी म्हणणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तिनं अजून तासभर दम काढला असता, तर आज आपण हे बोलत नसतो."

नंदी उशाला टेकून बसली होती. ती डाव्या हाताकडे बघत होती. बोटं आत वळायची आणि अर्ध्यावर थांबायची.

"मूठ वळत न्हाई, आप्पा."

"वळंल. व्यायाम सांगितलाय मॅडमनी."

"आन् न्हाई वळली तर? पकड कशी घालायची मी?"

वस्तादांना हजार डावांचे तोड ठाऊक होते. याला तोड नव्हता. नंदी रडायला लागली, लहान पोरीसारखी, नाक वाहतंय त्याची शुद्ध नाही. रडता रडता बोलत सुटली. हातातली सुई टोचतेय. पाठीला रग लागलीय. औषधानं तोंड कडू झालंय, भातसुद्धा कडू लागतोय. नर्स सारखी उठवते. महिनाभर हिरडी दुखत होती, तेव्हासुद्धा सांगितलं नाही. बावीस वर्षांचं साठलेलं असावं. सुवर्णा डोळे पुसत ऐकत होती आणि वस्ताद एकेका गोष्टीला मान डोलवत होते.

"आन् तुमी सोहमला मारलं," नंदी म्हणाली. "सगळ्यांदेखत. ते तर लईच दुखलं मला."

वस्ताद उठले. बाहेर बाकावर सोहम बसला होता. शेजारी पेशंटांची नातेवाईक मंडळी, डबे, पिशव्या, चहावाला. वस्ताद त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. माफी हा शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नव्हता, तो आताही निघेना.

"खांदा दाखव," ते म्हणाले.

"काय न्हाई वस्ताद, बरा हाय."

"खोटं बोलतोय!" आतून नंदीचा आवाज आला. "दाखव म्हणावं!"

सोहमनं एका हातानं शर्टाची बटणं काढली. खांदा जागेवर नव्हताच, पुढं उतरलेला, आणि त्याच्यावर जांभळट पिवळी सूज. वस्ताद हा खांदा दिवाळीपासून रोज सकाळ-संध्याकाळ, उघडा, मातीनं माखलेला, डोळ्यांसमोर बघत आले होते. ते गुडघ्याला हात लावत हळूहळू बाकावर बसले आणि त्यांनी आपला तळहात त्या सुजेवर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

"हितं?" त्यांनी विचारलं.

"व्हय," सोहम म्हणाला. "हितंच."